आधी उतार, मग खड्डा: हिवाळी ट्रेकवर हिमस्खलनाचा धोका कसा जोखायचा

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की सोलापुरातून दोन-चार गट उत्तराखंड नाहीतर हिमाचलकडे निघतात. त्यांच्यापैकी कुणीतरी दरवर्षी मला हमखास एक फोटो पाठवतं. थर बघायला बर्फात खणलेला खड्डा, त्यात उभं फावडं, आणि खाली प्रश्न: "थर घट्ट दिसतायत, जाऊ का?"

फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही. खड्ड्यावरूनही पूर्ण देता येत नाही. बहुतेकांची चूक खणण्यात नसते, क्रमात असते. उतार किती अंशांचा, वारा कुठून वाहिला, आठवडाभरात किती बर्फ पडला, हे न बघता लोक थेट खड्ड्यापाशी पोचतात आणि त्याच्याकडे परवानगी मागतात. खड्डा परवानगी देत नाही. तो फक्त नकार देऊ शकतो. म्हणून हा लेख सगळा क्रमाबद्दल आहे. टप्पे खाली दिले आहेत त्याच ओळीने घ्या. आधीच्या टप्प्यावर नकार आला तर पुढच्या टप्प्याकडून तो फिरवून घेऊ नका.

इशारा: वाचून हे अंगात येत नाही. मनाली, उत्तरकाशी, पहलगाम इथल्या सरकारी गिर्यारोहण संस्थांमध्ये रीतसर कोर्स करा, किंवा ज्याने केला आहे अशा माणसाबरोबरच जा.

## घसरतं काय, ते आधी समजून घ्या

सैल, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि पंख्यासारखा पसरत खाली येतो. तोही माणसाला ओढून नेतो, पण बळी जास्त घेतो तो स्लॅब. जमिनीवर ज्वारीचे दाणे पसरा, त्यावर शहाबादी फरशी ठेवा आणि ही सगळी मांडणी तिरकी झाली आहे असं समजा. फरशी घट्ट आहे, तिच्यावर उभंही राहता येईल. पण दाणे सरकले की ती तुकड्यातुकड्याने येत नाही, अख्खी निघते. वाऱ्याने दाबून बसवलेला वरचा थर ही फरशी, आणि त्याखालचा कच्चा थर म्हणजे दाणे. हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या जीवघेण्या अपघातांत साधारण दहापैकी नऊ वेळा स्लॅबला शेवटचा धक्का बळी पडलेल्याने किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी दिलेला असतो. हिमस्खलन ही वीज पडण्यासारखी दैवाची गोष्ट नाही. आपण कुठे पाय टाकतो यावर ते बरंचसं अवलंबून असतं.

कच्चा थर तयार कसा होतो, हे एकदा नीट कळलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. वर, निरभ्र रात्री, ते उणे पंधरापर्यंत उतरतं. बर्फ अर्धा मीटरच असेल तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक पडला. हा फरक दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त झाला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न धरणारे होत जातात. हातमोज्यावर घ्या. पोत्यातून सांडलेल्या जाड साखरेसारखे दिसतात. मूठ वळून बघा, लाडू होत नाही. बोटांतून सुटून जातात.

यातून निघणारी गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. "यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी" हा समज चुकीचा आहे. नोव्हेंबरात थोडा बर्फ पडला, मग महिनाभर कडक थंडी आणि कोरडं आकाश राहिलं, तर तो पातळ थर जागच्या जागी साखर होतो. त्यावर जानेवारीत दोन-तीन फूट नवा बर्फ आला की फरशी आणि दाणे दोन्ही तयार.

दुसरा कच्चा थर दिसायला फार देखणा असतो. शांत, निरभ्र रात्रीनंतर बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे चमकते स्फटिक उभे राहतात. सगळे त्याचे फोटो काढतात. फोटोबरोबर तारीखही लिहून ठेवा, कारण हीच पिसं पुढच्या बर्फाखाली गाडली गेली की कित्येक दिवस, कधी आठवडे, कच्चीच राहतात.

## टप्पा १: उतार मोजायला सोलापुरातच शिका

बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. २५ अंशांखाली ते क्वचितच सुटतात. फार खड्या कड्यावर बर्फ साठतच नाही, पडता पडताच खाली येतो. म्हणजे सगळा प्रश्न एका आकड्यावर येतो, आणि तो आकडा अंदाजाने सांगताना जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरची चूक आणखी मोठी, कारण घसाऱ्याच्या वाटा आणि रॉकपॅच चढून चढून त्याला ३५ अंश म्हणजे "साधा चढ" वाटायला लागलेला असतो.

सरावाला बर्फ लागत नाही. बांधकामावर पडलेला कोरड्या वाळूचा ढीग बघा. तो आपसूक ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतो. घरातला जिनाही बहुतेक तेवढाच असतो. त्यावर काठी आडवी टाका, काठीवर मोबाइल ठेवा, कोन मोजणारं अॅप लावा आणि वाचा. पण आधी अंदाज बोलून दाखवा, मग मोजा. पंधरा-वीस वेळा केलं की डोळा बसतो.

मोबाइल थंडीत बंद पडतो, म्हणून काठ्यांची रीतही येऊ द्या. सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंग काठ्या घ्या. पहिलीचं एक टोक उताराला टेकवून ती अगदी आडवी, पाण्याच्या पातळीसारखी धरा. तिच्या बाहेरच्या टोकापासून दुसरी सरळ खाली सोडा आणि ती किती लांबीवर बर्फाला टेकते ते बघा. काठी १२० सेंटिमीटरची असेल तर ५६ वर टेकली म्हणजे २५ अंश, ६९ वर ३० अंश, ८४ वर ३५ अंश, आणि पूर्ण १२० लागली तर ४५ अंश. दुसऱ्या काठीवर ५६ आणि ६९ ला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. गारठलेल्या बोटांनी आणि डोक्याने तिथे गणित होत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा बीकन (गाडलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), पाठीवर किमान २४० सेंटिमीटरची प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची घडीची काठी) आणि धातूचं फावडं हवं. गटात मिळून एक संच असून उपयोग नाही, कारण तो ज्याच्याकडे आहे तोच गाडला गेला तर? बीकन शोधायचा सराव हिप्परगा तलावाच्या कोरड्या काठावर किंवा एखाद्या पडीक रानात करा: एक चालू बीकन कापडी पिशवीत घालून उथळ पुरायचा, दुसऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं, मग घड्याळ लावून शोधायचा. मोबाइल बंद ठेवा, बीकनजवळ तो गोंधळ करतो.

तपासा: गटातल्या प्रत्येकाला पुरलेला बीकन चार-पाच मिनिटांत सापडतो का? नसेल सापडत तर बर्फातल्या खड्या उतारांचा बेत अजून करू नका.

## टप्पा २: नकाशावर वाट रंगवा

हे काम घरी, टेबलावर, सगळ्यांनी मिळून करायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. समोच्च रेषा उंचीच्या ४० मीटर फरकाने असतील तर दोन रेषांमधली जागा १.७ मिलिमीटर म्हणजे २५ अंश, १.४ मिलिमीटर म्हणजे ३० अंश आणि ०.८ मिलिमीटर म्हणजे ४५ अंश. हा फरक २० मीटर असेल तर हे आकडे निम्मे करा. उतार आपोआप रंगवणारे ऑनलाइन नकाशेही आहेत, ते जरूर वापरा. मात्र एकदा तरी हाताने करा, कारण हाताने रंगवलेली वाट लक्षात राहते.

तीन गोष्टी तीन रंगांनी खुणावा. पहिली, वाट ज्या ज्या ठिकाणी ३० अंशांपेक्षा खड्या उतारावरून जाते ते तुकडे. दुसरी, वाट सपाट असली तरी जिथे वरती असा उतार आहे ते तुकडे. तिसरी, पडलात तर सुटका नाही अशा जागा: अरुंद नाळ, घळ, खाली कडा, ओढ्याचं पात्र, दाट झाडी. छोटंसं स्खलनही माणसाला नाळेत दोन मीटर खोल गाडू शकतं, तेच मोकळ्या मैदानात गुडघाभर पसरून थांबतं.

दुसरा रंग लोक विसरतात. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे सीमा रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचा तळ हिमस्खलनाखाली सापडला. ५४ जण अडकले, ८ जणांचा जीव गेला. ती माणसं डोंगर चढत नव्हती, तळावर होती. तंबूची जागा ठरवताना वर बघा: तुम्ही उभे आहात तिथून बर्फ सुटू शकेल अशा सर्वांत उंच जागेपर्यंतचा कोन मोजा. तो २० अंशांपेक्षा जास्त असेल तर तिथे मुक्काम नको.

इशारा: दोन समोच्च रेषांच्या मध्ये बसेल एवढा खडा टप्पा नकाशावर दिसतच नाही. वीस-तीस मीटरचा असा टप्पाही माणूस गाडायला पुरेसा असतो. नकाशाने सुरक्षित म्हटलेली जागा तिथे गेल्यावर पुन्हा मोजायची.

## टप्पा ३: निघण्याआधी आठ दिवस वही

ट्रेकच्या आठ दिवस आधीपासून एक पान रोज भरायचं. त्या भागात किती नवा बर्फ पडला, वारा किती आणि कुठल्या दिशेने, रात्रीचं आणि दुपारचं तापमान, आकाश निरभ्र की ढगाळ. हिवाळ्यात तिकडचा बहुतेक बर्फ पश्चिमी विक्षोभ आणतात, त्यामुळे हवामान खात्याच्या अंदाजात पुढचा विक्षोभ कधीचा आहे ते वेगळं लिहा.

कुठल्या नोंदीला खूण करायची? चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवा बर्फ. ताशी २५ किलोमीटरच्या वरचा वारा, कारण तो सैल बर्फ उचलून धारेच्या पलीकडच्या, वाऱ्याआडच्या उतारावर नेऊन टाकतो. आकाशातून फूटभर पडला असला तरी तिथे तीन फूट साठलेला असू शकतो. तापमान झपाट्याने शून्याच्या वर जाणं. आणि बर्फावर पाऊस, ज्याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो.

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी हिमस्खलनाचे इशारे काढते, आणि राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं ते पुढे पोचवतात. ते रोज वाचा. पण इशारा अख्ख्या जिल्ह्याचा किंवा ठरावीक उंचीच्या वरच्या भागाचा असतो. तुमच्या नाळेचा नसतो.

आंतरराष्ट्रीय मापकावर धोक्याच्या पाच पातळ्या आहेत, आणि इथेच मोठी गफलत होते. "पाचापैकी तीन, म्हणजे मध्यम" असं लोक धरून चालतात. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीवर धोका कितीतरी पटींनी वाढतो. तीनचा अर्थ असा की एकटा माणूसही खड्या उतारावर स्लॅब सोडवू शकतो. आल्प्समध्ये सर्वाधिक माणसं तीनच्याच दिवशी दगावतात, कारण चार-पाचला लोक घरी बसतात आणि तीनला बाहेर पडतात.

तपासा: बर्फ थांबल्यावर किमान ४८ तास गेलेत का? आणि तळाशी साखरेचा थर असण्याची शंका असेल तर हा ४८ तासांचा हिशोब लागूच पडत नाही.

## टप्पा ४: पायथ्याच्या गावात विचारपूस

हा टप्पा लोक चहाच्या एका कपात उरकतात. तसं करू नका. खेचरवाले, पोर्टर, तिथली म्हातारी माणसं यांना नेमके प्रश्न विचारा. गेल्या आठ दिवसांत कुठे काही खाली आलं का? दरवर्षी बर्फ कुठल्या नाल्यातून उतरतो? पहिला बर्फ कधी पडला आणि तो टिकला का? "रस्ता ठीक आहे ना?" असं विचारलंत तर उत्तर "ठीक है जी" एवढंच येणार, कारण तुमचं मन मोडायची कुणाची इच्छा नसते.

गाडीने फिरणाऱ्या कुटुंबांनाही हे लागू आहे. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोक ते नाथू ला रस्त्यावर हिमस्खलनात ७ पर्यटक गेले. रस्त्याच्या कडेला उतरून बर्फात खेळताना वरचा उतार बघा, आणि प्रशासनाने जिथपर्यंत जाऊ दिलं आहे त्याच्या पुढे ड्रायव्हरला आग्रह करू नका.

## टप्पा ५: चालताना, डोंगर स्वतः सांगतो ते

खड्डा खणण्याच्या कितीतरी आधी या खुणा दिसतात, आणि खड्ड्यापेक्षा त्यांची साक्ष मोठी.

ताजं स्खलन दिसणं ही सर्वांत पक्की खूण. जो उतार तुम्ही चढणार आहात त्याच दिशेच्या, त्याच उंचीच्या दुसऱ्या उतारावरून बर्फ आला असेल तर आणखी पुरावा शोधत बसू नका. त्यानंतर पायाखालून पळणाऱ्या भेगा: पाऊल टाकलं की बर्फ काचेसारखा तडकून भेग पुढे धावते. आणि आवाज. पायाखाली "धप्" असा पोकळ, दबका आवाज येतो, आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसतो. कच्चा थर खचल्याचा तो आवाज असतो.

तो आवाज मी एकदा ऐकला आहे. आमच्या म्होरक्याने सकाळी तंबूशेजारी, झाडांच्या आडोशाला, सपाटीवर खड्डा खणला होता. थर घट्ट निघाले, सगळे खूश झाले. तासाभराने झाडीच्या वर, वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या एका पाठीवर पुढचा माणूस चढला आणि धप् झालं. माझ्या बुटांच्या मधून एक भेग डावीकडे सुटली, काळी, पेन्सिलीएवढी जाड, आणि पन्नास-साठ हातांवरच्या खडकाला जाऊन भिडली. तिथे उतार विसाच्या आसपास होता म्हणून काही निघालं नाही. आम्ही आपापल्या पावलांत पावलं टाकत परत फिरलो. सकाळचा खड्डा खोटं बोलला नव्हता, तो दुसऱ्याच जागेबद्दल बोलत होता.

आणखी दोन खुणा: बर्फ काठीने टोचला तर ढोलासारखा वाजतो आणि पृष्ठभागावर वाऱ्याच्या लाटा दिसतात, म्हणजे तुम्ही वाऱ्याने रचलेल्या स्लॅबवर आहात. आणि दुपारी उन्हाच्या बाजूला बर्फाचे गोळे, गुंडाळलेल्या चटईसारखी चाकं आपोआप घरंगळायला लागली तर तो उतार ओला होतोय. उत्तरेकडचे उतार थंड राहतात, तिथला कच्चा थर जास्त दिवस टिकतो; दक्षिणेकडचे लवकर बसतात, पण उन्हात लवकर सुटतात. फेब्रुवारीअखेरीपासून असे उतार सकाळी लवकर ओलांडा.

इशारा: यांपैकी एकही खूण दिसली तर त्या दिवशी ३० अंशांच्या वरचे उतार बंद, आणि अशा उतारांच्या खालून जाणारी वाटही बंद. सपाटीवर चाललेल्या माणसाच्या वजनानेही वरचा स्लॅब सुटू शकतो.

## टप्पा ६: खड्डा, योग्य जागी

इथवर नकार आला नसेल तरच फावडं बाहेर काढा.

जागा निवडणं हेच निम्मं काम. ज्या उतारावरून जायचं आहे त्याच्याच दिशेची, उंचीची, शक्यतो तितक्याच कोनाची, पण छोटी आणि वरून काही येणार नाही अशी जागा हवी. झाडाखाली नको, पाऊलवाटेजवळ नको, वाऱ्याने ढीग केलेल्या जागी नको. आधी प्रोब खुपसून पाच-सहा ठिकाणी खोली बघा आणि सरासरीपेक्षा जरा पातळ जागा घ्या. बर्फ पातळ तिथे कच्चा थर पृष्ठभागाच्या जवळ असतो, आणि स्लॅबही बहुधा तिथूनच सुटतो.

रुंदी दीड मीटर, खोली एक ते दीड मीटर. माती उताराच्या खालच्या अंगाला टाकतो तसाच बर्फही खालीच टाका. वरच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, पिशवी ठेवायची नाही. तिथलीच भिंत तपासायची आहे. ही भिंत फावड्याने उभी, सपाट, कापल्यासारखी करा. सावलीत असेल तर उत्तम.

आता ती भिंत वाचायची. नव्याने पाडलेल्या विहिरीच्या कडेला काळी माती, मुरूम, मांजऱ्या खडक असे थर दिसतात, तसंच. मऊ ब्रश किंवा हातमोजा आडवा हलकेच फिरवा, कच्चे थर झडून आत जातात आणि घट्ट थर कंगोऱ्यासारखे बाहेर राहतात. मग कडकपणा बघा, वरून खाली, सारख्याच हलक्या जोराने: अख्खी मूठ आत जाते का, नाही तर चार बोटं, नाही तर एक बोट, नाही तर पेन्सिल, नाही तर फक्त सुरीचं पातं. प्रत्येक थरासमोर वहीत लिहा. त्यानंतर सावलीत धरलेल्या थर्मामीटरने दर दहा सेंटिमीटरला तापमान. शेवटी संशयित थरातले कण काळ्या पुठ्ठ्यावर घेऊन भिंगाखाली बघा.

काळजी कशाची वाटली पाहिजे? पृष्ठभागापासून मीटरभराच्या आत, दहा सेंटिमीटरपेक्षा पातळ, साखरेसारख्या किंवा पिसांसारख्या कणांचा मऊ थर, आणि त्याच्या वर किमान एका पायरीने कडक थर. म्हणजे मूठ जाणाऱ्या थरावर चार बोटंच जाणारा थर. ज्वारीवर फरशी.

तपासा: खड्डा जमिनीपर्यंत गेला का? गेला नसेल तर प्रोबने तळ चाचपा. तळाशी प्रोब एकदम "गळली" तर साखर खाली आहे.

## टप्पा ७: दोन चाचण्या

दाब चाचणी. भिंतीत ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब सुटा करा, मागची बाजूही करवतीने किंवा गाठी मारलेल्या दोरीने कापून. वर फावड्याचं पातं सपाट ठेवा. मनगटापासून हात सैल सोडून दहा थापा, मग कोपरापासून दहा, मग खांद्यापासून दहा. हात स्वतःच्या वजनाने पडू द्या, जोर लावू नका. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. प्रत्येक जण आपल्या ताकदीने मारतो आणि आकडे बिघडतात. कितव्या थापेला, किती खोलीवर, कसा तुटला ते लिहा. दहाच्या आत तुटला तर सहज, वीसपर्यंत मध्यम, तीसपर्यंत कठीण.

"कसा" हे "कितव्या"पेक्षा महत्त्वाचं. खांब चिरत, कुरकुरत, वेडावाकडा तुटला तर एक गोष्ट. पण एका थापेला सपाट, कापल्यासारखा सरकून पुढे आला किंवा थर एकदम खचला, तर थाप पंचविसावी असली तरी ते वाईटच लक्षण. किमान दोन खांब करा.

लांब खांबाची चाचणी. याला ट्रेकर ईसीटी म्हणतात. उताराला आडवा ९० सेंटिमीटर, वर-खाली ३० सेंटिमीटरचा खांब सुटा करा. फावडं एका टोकावर ठेवून तशाच तीस थापा. आता फक्त एकच बघायचं: भेग पडली तर ती त्याच थापेला किंवा पुढच्या एका थापेत अख्ख्या ९० सेंटिमीटरला पार गेली का? गेली, तर त्या उतारावर भेग धावू शकते. फावड्याखालीच राहिली, तर हे चित्र जरा बरं. तुटलीच नाही, तर या जागी, या थरांत काही सापडलं नाही, एवढाच अर्थ. मीटरभराहून खोल असलेला कच्चा थर ही चाचणी बऱ्याचदा पकडू शकत नाही.

इशारा: एका उतारावर बर्फ दर काही मीटरला बदलतो. वाईट निकाल एकदाच आला तरी मानायचा. चांगला निकाल तीनदा आला तरी त्याने टप्पा ३ किंवा ५ मधला नकार पुसला जात नाही.

## टप्पा ८: निर्णय, आणि तो कुणी घ्यायचा

निर्णयाचे नियम सोलापुरात असतानाच कागदावर लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. तिथे गेल्यावर डोकं बदलतं. दिल्लीपर्यंत रेल्वेतच एक दिवसाहून जास्त गेलेला असतो, रजा संपत आलेली असते, घरी सांगून आलेलो असतो. "इतक्या लांब आलोय" हे वाक्य बर्फाच्या कुठल्याही थराला ठाऊक नसतं.

आमचा कागद असा आहे. इशाऱ्यात तीन किंवा वर: ३० अंशांच्या वरचा उतार नाही, त्याच्याखालून वाट नाही. टप्पा ५ मधली एक खूण: तेच. ईसीटीत भेग पार गेली: तेच. यातलं काहीच नाही आणि थरांची रचनाही बरी, तरच छोटा, खाली नाळ किंवा कडा नसलेला उतार, तोही एकेकाने. गटातल्या कुणीही "नको" म्हटलं तर परत फिरायचं, आणि त्याला कारण विचारायचं ते खाली तंबूत पोचल्यावर. सर्वांत नवख्याने पहिलं मत द्यायचं, म्होरक्याने शेवटी. उलट केलं तर नवखा बोलतच नाही.

अनुभव ढाल होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का डांडा-२ वर प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. महिना ऑक्टोबरचा होता, हेही लक्षात ठेवा. हिमस्खलनाला डिसेंबर-जानेवारीच लागतो असं नाही.

## टप्पा ९: ओलांडताना

बीकन सुरू आहेत का ते एकमेकांचे तपासा. एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. उताराच्या मधोमध थांबायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. शक्य तितक्या वरून, धारेच्या जवळून ओलांडा, पण धारेवरून बाहेर लोंबणाऱ्या बर्फाच्या छज्ज्यापासून लांब. तो तुमच्या अंदाजापेक्षा आतून तुटतो. पलीकडे पोचलेल्याने पुढच्या उताराखाली नाही, खडकाच्या आडोशाला किंवा सोंडेवर थांबायचं.

कुणी गाडला गेलाच तर मदत म्हणजे तुम्हीच. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर साधारण तिघांतला एक. शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा, सगळे बीकन शोधाच्या बटणावर न्या, जवळ गेल्यावर बीकन बर्फालगत धरा आणि फिरवू नका, मग प्रोब. प्रोब लागली की ती तशीच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आत खणत जा, वरून खड्डा करू नका.

परतल्यावर वहीतली पानं, खड्ड्याचे आकडे आणि जागा एकत्र लिहून पुढच्या गटाला द्या. आणि बीकनमधले सेल काढूनच तो कपाटात ठेवा; सोलापूरच्या मे महिन्यात आतल्या आत सेल गळून पत्रे गंजले तर ते डिसेंबरात बर्फावर पोचल्यावरच कळतं.